निळ्या गाडीतला भरलेला कप

वर्ध्याच्या मोठ्या पोस्टात त्या खिडकीपुढे आम्ही दोघंच होतो. पुढे तो, मागे मी. बाहेर भाद्रपदातला पाऊस धड पडत नव्हता आणि धड थांबतही नव्हता. माझ्या ओढणीचं पाणी टपटप फरशीवर गळत होतं, आणि तो समोर पार्सलचा एकच फॉर्म पाच मिनिटं वाचत उभा होता. मी खाकरले. तो वळला.

"मॅडम, ही वस्तू पाहाची नाई, हातानं ओळखाची हाये. मंग इथं काय लिहू?"

त्याच्या तळहातावर दाराची सागवानी मूठ होती. जेमतेम नखाएवढी, पण इतकी गुळगुळीत की मला हात लावून पाहावासा वाटला. कोणाला पाठवताय, विचारलं तर म्हणाला, इंग्लंडातल्या एका म्हाताऱ्याला. मी म्हटलं, नुसती मूठ? दार नाही पाठवणार? तो अजिबात न हसता म्हणाला, "दार मागून जाईन."

मी हसले. खिडकीमागचे साहेब माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागले तेव्हा मी त्याचा फॉर्म घेतला आणि भराभर लिहून दिला. त्याने तो ओठ हलवत पुरता वाचला. मग, मी काय करते ते विचारलं. बोरगाव मेघेला इंग्रजीचे क्लास घेते म्हटल्यावर थोडा थांबला…

"रविवारी येता का? म्हणजे… माह्या घरी. बाबा असतात नं."

नळ दुरुस्तीवाल्याला वेळ द्यावी, तशा आवाजात विचारलं त्याने. आयुष्यात पहिल्यांदा कोणा मुलाने मला घरी बोलावलं, ते असं.

त्याचं नाव रुपेश. घर बोरगाव मेघेलाच, माझ्या मावशीच्या दोन गल्ल्या पलीकडे. मी मूळची हिंगणीची, पण क्लाससाठी शोभामावशीकडे राहायचे. पहिल्या रविवारी मावशी चौकशीला म्हणून सोबत आली. ओसरीत रुपेशचे वडील, हरिदासकाका, मांडीवर एक लाकडी डबा घेऊन बसले होते. मावशीने जयभीम केला, त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवून जयभीम म्हटलं, आणि तेव्हा कळलं की त्यांना दिसत नाही. काचबिंदूने दृष्टी गेली होती. तरुणपणी ते पुलगावला, आर्वीच्या छोट्या गाडीचे डबे दुरुस्त करायचे. ती गाडी बंद पडली तेव्हा त्यांनी आठवणीसाठी तिची लाकडी प्रतिकृती केली. पुढे रुपेशने तेच काम धरलं. बंद पडलेल्या गाड्या तो हातभर लांबीच्या करायचा आणि त्या देशोदेशी जायच्या. पण काकांच्या बोटांखालून गेल्याशिवाय एकही डबा घराबाहेर पडत नसे. ते बोटं फिरवायचे आणि दोनच शब्द बोलायचे. "जमलं." किंवा, "पुन्हा."

इंग्लंडातल्या म्हाताऱ्याचं नाव केनेथ. वय ब्याऐंशी. रुपेशला इंग्रजी वाचता यायचं, पण केनेथचं पुटपुटतं बोलणं फोनवर त्याला लागायचं नाही. म्हणून मी.

दर रविवारी दुपारी, म्हणजे त्यांच्याकडे सकाळी, केनेथची मुलगी फोन धरून बसायची आणि तो बोलायचा. साठच्या दशकात तिकडे एक निळी डिझेल गाडी होती, ब्लू पुलमन. पांढरा पट्टा असलेली. आत जाड गालिचे, गार हवा, प्रत्येक टेबलावर दिवा. खिडकीच्या दोन काचांमध्ये पट्ट्यांचे पडदे, बारीक बोंड फिरवलं की उघडायचे. जेवण जागेवर यायचं. केनेथ ब्रिस्टलहून लंडनला जाणाऱ्या गाडीत वाढपी होता. १९७३ मध्ये ती गाडी बंद झाली आणि तिचा एकही डबा कोणी जपला नाही, सगळे मोडीत गेले. आता केनेथची नजर जात चालली होती. ती पुरती गेल्यानंतरसुद्धा आपला डबा आपल्याला सापडावा, एवढंच त्याला हवं होतं. रुपेश त्याला नकाशे मागायचा नाही. विचारायचा, दारातून शिरताना हात पहिल्यांदा कशाला लागायचा? मग डाव्या हाताला काय यायचं? केनेथ डोळे मिटून सांगायचा, मी मराठीत सांगायचे, आणि रुपेश पेन्सिल कानामागे खोचून नुसता ऐकायचा.

कधी ऐकता ऐकता त्याचं लक्ष माझ्याकडे असायचं. मी बघितलं की तो पेन्सिल शोधायचा, जी कानामागेच असायची.

निळा रंग जमवायला त्याने बारा दिवस घेतले. नखं निळी घेऊन हिंडायचा. एकदा दोन पट्ट्या माझ्यापुढे धरून विचारलं, हा का हा? मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. मी म्हटलं, त्या माणसाला आता रंग धड दिसतच नाहीत, मग एवढं कशाला?

"तेले नाई दिसत. मले दिसते नं."

त्या वाक्यावर मी प्रेमात पडले. खोटं कशाला बोलू… त्याच दुपारी, निळ्या नखांकडे बघत.

त्याचं काय चाललं होतं ते मात्र कळायला मार्ग नव्हता. गेटपर्यंत सोडायला यायचा. पाऊस असला तर छत्री माझ्यावर धरून स्वतः भिजायचा. आणि गेटाशी म्हणायचा, "बरं, मॅडम." बस्स. मी सबंध गल्लीभर त्या 'बरं'चा कीस काढत घरी जायचे.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी केनेथ म्हणाला, आज डब्याचं नाही, तिसऱ्या टेबलाचं सांगतो.

ती गाडी दिसायला राजेशाही, पण धावताना बैलबंडीसारखी हलायची. म्हणून वाढपी सगळ्यांचे कप पाऊणच भरत. तिसऱ्या टेबलाशी, खिडकीजवळ, दर शुक्रवारी हिल्डा नावाची मुलगी बसायची. केनेथ फक्त तिचा कप काठोकाठ भरायचा. वाटेत मैलभर रूळ चांगले होते. तो तेवढ्यासाठी थांबून राहायचा, आणि गाडी शांत झाली की दोन्ही हातांत बशी धरून तिच्याकडे जायचा. तरी कधीमधी सांडायचंच. तीन वर्षं त्याने असा कप भरला. त्याला वाटायचं, याहून काय सांगायचं असतं?

गाडीचा शेवटचा दिवस शुक्रवारच होता. त्या दिवशी बोलायचं त्याने ठरवलं. पण शेवटची फेरी म्हणून हौशी लोकांनी सगळ्या जागा आधीच घेतल्या होत्या, आणि हिल्डाला जागाच मिळाली नाही. ती नुसती निरोप द्यायला आली, फलाटावर, तिसऱ्या टेबलाच्या खिडकीबाहेर. केनेथ दारात गेला. ती हसून म्हणाली, "इतकी वर्षं काम केलंस, पण कप किती भरायचा ते शेवटपर्यंत तुला कळलं नाही."

"मग?" मी विचारलं.

"मी म्हटलं, माफ करा, मॅडम. आणि शिट्टी झाली."

हे मी मराठीत कसंबसं सांगितलं. हरिदासकाकांनी अंदाजाने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

केनेथची एक विनंती होती. त्या तिसऱ्या टेबलाशी हिल्डाला बसवाल का? रुपेशने कानामागची पेन्सिल काढून खाली ठेवली. मग म्हणाला, नाही.

त्यावरून आमचं भांडण झालं. फोन बंद झाल्यावर मी त्याला नाही नाही ते बोलले. नजर जात चाललेल्या एका म्हाताऱ्याच्या मनासाठी एक बाहुली बसवली तर काय बिघडतं, लाकडात राहून तुम्ही लाकूडच झालात, असंसुद्धा. तो खाली बघत होता.

"तेनं हात लावला का तेले समजन मॅडम, हे खोटं हाये म्हणून. ती त्या दिवशी आत नोहती. मी नसलेलं नाई बनवत."

मी चप्पल घातली आणि निघाले. तो गेटपर्यंत आला नाही.

पुढचे दोन रविवार मी गेले नाही. त्याच आठवड्यात माझं नेमणुकीचं पत्र आलं. नंदुरबारच्या आश्रमशाळेत, कायम नोकरी. पाच वर्षं ज्यासाठी अर्ज करत होते, त्या दिवशी पोस्टात ज्यासाठी गेले होते, तीच. चार जानेवारीला हजर व्हायचं होतं. मावशीने पेढे वाटले आणि मी आत जाऊन रडले. नोकरी सोडणार नव्हतेच, तेवढी वेडी मी नाही. पण तो काही बोलला नाही तर हे सगळं इथेच संपणार होतं, आणि मी तिकडे जाऊन आयुष्यभर एका 'बरं'चा अर्थ लावत बसणार होते.

त्याला हे मावशीकडून भाजीच्या दुकानात कळलं. दुसऱ्या दिवशी गल्लीत भेटला. "कवा निंगता?" मी सांगितलं, तीन तारखेला, दुपारच्या गाडीने. त्याने मान हलवली. म्हणाला, "बरं."

डबा डिसेंबरच्या सुरुवातीला गेला होता. महिनाअखेरीस केनेथच्या मुलीचा निरोप आला की पार्सल पोचलंय, पण मयुरी फोनवर असल्याशिवाय बाबा ते उघडायला तयार नाहीत. मयुरी म्हणजे मी. मग गेले.

पडद्यावर केनेथचे दोन हात होते आणि तो निळा डबा. बोटं आधी दाराच्या मुठीवर आली, थांबली, ओळख पटल्यासारखी पुढे सरकली. आडवी दांडी. पडद्याचं बोंड. छत उचलून आत, पहिलं टेबल, दुसरं, तिसरं. खुर्ची रिकामी. टेबलावर ज्वारीच्या दाण्याएवढा कप. त्याने नखाने चाचपला आणि म्हणाला, "भरलेला आहे." मग त्याची बोटं खिडकीतून बाहेर आली. बाहेर रुपेशने फलाटाची एक पट्टी जोडली होती, कोणी न सांगता. तिच्यावर एक मुलगी उभी होती, हात वर केलेली.

केनेथची बोटं त्या हातावर किती वेळ राहिली, सांगता येणार नाही. नंतर तो म्हणाला, "ती जिथे होती, तिथेच ठेवलंय त्याने तिला."

मी मराठीत सांगायला तोंड उघडलं. हरिदासकाका म्हणाले, "राहू दे पोरी. समजलं."

मी रुपेशकडे बघितलं. तो डोळे पुसत होता आणि ते लपवतही नव्हता. लाकूड म्हटलं होतं मी याला. मला फार लाज वाटली.

तेवढ्यात केनेथने मला एकटीला विचारलं, "त्याला माहीत आहे का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "कप भरून काही होत नाही, मुली. मी करून पाहिलंय."

"काय म्हणून राह्यले ते?" रुपेशने विचारलं.

"काही नाई," मी म्हटलं. "तिकडे थंडी खूप हाये म्हणे."

तीन तारखेला अवकाळी पावसाची भुरभुर होती. मावशी वर्धा स्टेशनवर सोडायला आली. मला खिडकीची जागा होती. गाडी सुटेपर्यंत मी जिन्याकडे बघत होते… कोणी आलं नाही. गाडी हलली, मावशी मागे पडली, आणि मी ओढणीने नाक पुसत असताना समोरच्या रिकाम्या जागेवर रुपेश येऊन बसला. दम लागलेला, केस ओले, हातात पिशवी.

"पुलगावपर्यंतचं तिकीट हाये," तो म्हणाला.

पिशवीतून त्याने थर्मास काढला. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेली कपबशी, त्यांच्याकडे पाहुणे आले तरच कपाटातून निघते ती. तो चहा ओतायला लागला. पाऊण झाला, तरी थांबला नाही. काठापर्यंत भरला आणि दोन्ही हातांनी बशी माझ्यापुढे धरली. त्याच वेळी गाडीने रूळ बदलले आणि अर्धा चहा माझ्या ओढणीवर आला.

तो घाबरला नाही. बशी धरूनच राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला. आजवर सरळ बघितलं नव्हतं, तसं. मला सगळं कळलं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण मला तो म्हातारा आठवला, दारात उभा राहून माफ करा म्हणणारा.

"हिल्डाले समजलं नोहतं, रुपेश," मी म्हटलं. नावापुढचा 'जी' पहिल्यांदाच गळला होता. "मले बी नाई समजून राह्यलं. तोंडानं सांग."

शेजारच्या बाई शेंगा सोलायच्या थांबल्या. दहेगाव मागे गेलं. कवठा मागे गेलं. मी थांबले होते. घाई करणार नव्हते आणि मदतही करणार नव्हते.

"मले… मले बोलता नाई येत," तो म्हणाला.

"माहीत हाये."

"तू जाय. नोकरी कर. मी अडवून नाई राह्यलो." त्याने बशी मांडीवर ठेवली. "पण मी तिकडं येईन. लाकूड कुठंबी भेटते. तू मले आवडतं, मयुरी. पोस्टात तू दार मागितलं नं, तवापासून."

बोलायला गेले असते तर रडू फुटलं असतं, आणि शेंगावाल्या बाई वाटच बघत होत्या. उरलेला अर्धा कप मी प्याले. चहा निवला होता आणि त्यात साखर जास्त होती. पुलगाव आलं. तो उठला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि उतरला.

फलाटावर तो माझ्या खिडकीसमोर येऊन उभा राहिला. भुरभुर पावसात, हात वर करून. मी आत, तो बाहेर, मध्ये खिडकीचे गज, आणि माझ्या मांडीवर कप. गाडीची शिट्टी झाली.

मी गजांना तोंड लावून ओरडले, "मले बी." तो कानाला हात लावून पुढे आला. मी पुन्हा ओरडले, आधीपेक्षा मोठ्यांदा, "रुपेश, मले बी आवडतं तू." फलाटावरचे दोन हमाल वळून बघायला लागले. तो हसला. चार महिन्यांत मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं. गाडीबरोबर तो फलाटाच्या टोकापर्यंत चालत आला.

शेंगावाल्या बाईंनी विचारलं, काही विसरलं का तुमचं?

मी म्हटलं, नाही. एक सांगायचं राहिलं होतं, ते सांगितलं.