वर्कशॉप-तीनची अट

सोमवारी सकाळी फाईलबाई कामावर आल्या तेव्हा पोलीस अधिकारी ऑफिसच्या दाराशीच उभा होता. सर्दीने त्याचं नाक लाल झालं होतं.

"काल तुमच्या वर्कशॉपमध्ये जी मुलगी गेली, तिची फाईल हवी," तो म्हणाला. "आत्ता."

फाईलबाईंनी कपाट उघडून ती काढली. मेकॅनिकल टेक्नॉलॉजी विभागाच्या फायली त्या सव्वीस वर्षं सांभाळत होत्या. कोणी कुठले विषय घेतले, कोणाचा कुठला राहिला, सगळं तोंडपाठ. त्यांचं खरं नाव आता हजेरीपुस्तकाशिवाय कुठंच उरलं नव्हतं. आणि ही मुलगी शेवटच्या वर्षाची, महिनाभरात पदवी घेऊन बाहेर पडणारी. काल रविवारी ती लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर, एकटीच काम करत होती. स्वेटरची बाही फिरत्या दांड्यात अडकली आणि हात खेचला गेला. साडेबाराला वॉचमन फेरी मारायला गेला तेव्हा ती भिंतीशी पडलेली होती.

"अपघातच ना हो?" त्यांनी विचारलं.

"अपघातच. पण मशीन कोणीतरी बंद केलं."

"म्हणजे?"

"बटण भिंतीवर आहे, मशीनपासून आठ पावलांवर. हात अडकलेलं माणूस तिथवर कसं पोचेल? कोणीतरी आलं, मशीन थांबवलं, तिला सोडवून भिंतीला टेकवलं, आणि निघून गेलं. अकराच्या बातम्या सुरू होत्या तेव्हा आवाज थांबला, असं वॉचमन सांगतो. त्यानंतर ती चाळीस मिनिटं जिवंत होती, असं डॉक्टर सांगतात. एक फोन केला असता, तर वाचली असती."

फाईलबाई खुर्चीत बसल्या. त्यांना रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता.

"कोण होतं ते?"

"तुमचे मेस्त्री. काल संध्याकाळीच उचललं त्यांना."

"शक्य नाही!"

"वर्कशॉपची चावी त्यांच्याकडे. मागच्या फाटकाचीही. मुलीजवळ चावी सापडली नाही, मग दार उघडलं कोणी? म्हणतात, दिवसभर घरी एकटाच होतो."

"दुसरी चावी इथं, या खिळ्यावर असते."

"आहे की जागेवर."

"आज आहे," फाईलबाई म्हणाल्या.

मेस्त्रींना त्या एकोणीस वर्षं ओळखत होत्या. बाही दुमडल्याशिवाय कोणाला मशीनजवळ उभं न करणारा, पोरांच्या अंगावर वस्सकन ओरडणारा आणि त्याच पोरांना बोटाला चिमटा बसला तर स्वतः दवाखान्यात नेणारा माणूस. तो एका जखमी मुलीला टाकून पळेल? पण पोलिसांना स्वभाव पुरत नाही, कागद लागतो. तो न मिळाला तर मेस्त्री म्हातारपणी तुरुंगात जाणार होते.

अधिकाऱ्याने फाईल उघडली. सल्लापत्र वरच होतं. विभागाची पद्धत अशी, की सत्र सुरू होताना प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या सल्लागाराला भेटायचं. कुठले विषय झाले, कुठले राहिले, ते सल्लागार या कागदावर लिहितो, दोघं सह्या करतात. मग सल्लागार कॉम्प्युटरवर त्या विद्यार्थ्याच्या नोंदणीचं कुलूप काढतो. तोवर विद्यार्थ्याला एकही विषय घेता येत नाही.

कागदावर तीन महिन्यांपूर्वीची तारीख होती. "नव्या नियमांनुसार वर्कशॉप-तीन बाकी. पुढील वर्षी घ्यावा. विद्यार्थिनीस समज दिली. दुपारी ३.४०." खाली दोन सह्या.

"सही तिचीच?"

"तिचीच," फाईलबाईंना म्हणावं लागलं.

"नवे नियम म्हणजे?"

"जो ज्या वर्षी दाखल होतो, त्याला त्या वर्षीचे नियम. हिच्या वर्षी वर्कशॉप-तीन सक्तीचा नव्हता. पण आई आजारी म्हणून ही मध्ये वर्षभर घरी राहिली. इतका खंड पडला की जुने नियम सुटतात, नवे लागतात. शुक्रवारी परीक्षा विभागाची यादी आली, तीत हिच्या नावापुढे तोच विषय बाकी होता. यादी मी सल्लागार सरांना दिली."

तेवढ्यात सल्लागार सरच आत आले. पन्नाशीचे, नीटनेटके. यंदा विभागप्रमुख होणार म्हणून ज्यांचं नाव घेतलं जायचं, ते हेच.

"काल तुम्ही कॉलेजात होतात?" अधिकाऱ्याने विचारलं.

"पावणेअकरा ते बारा-दहा. वॉचमनच्या वहीत नोंद आहे. वरच्या मजल्यावर माझ्या खोलीत पेपर तपासत होतो."

"खाली ऑफिसात आलात?"

"पायही टाकला नाही."

"मशीनचा आवाज?"

"खिडकी बंद होती." सरांनी फाईलकडे पाहिलं. "मी तिला सत्राच्या सुरुवातीलाच बजावलं होतं. यंदा पदवी नाही म्हणून. पण पोरगी हट्टी. मेस्त्रींना गळ घातली असणार, की रविवारी चोरून वर्कशॉप-तीनचे तास भरून द्या. त्यांचं मन मऊ. आणि प्रसंग आला तेव्हा घाबरले बिचारे."

अधिकाऱ्याने मान डोलावली. सगळं चोख बसत होतं, आणि म्हणूनच फाईलबाईंना कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं.

दोघं गेल्यावर त्या बाहेर आल्या. बाकावर मुलीचे वडील बसले होते. बसचालक होते ते; अंगावर अजून कामाचेच कपडे होते.

"बाई, एवढंच सांगा," ते म्हणाले. "माझ्या मुलीने चोरून काम केलं आणि त्या मेस्त्रींना गोत्यात आणलं, असं म्हणतात सगळे. घरातून निघताना तर म्हणाली, कॉलेजनेच बोलावलंय. माझ्याशी खोटं बोलली का ती?"

"संध्याकाळपर्यंत थांबता?" फाईलबाई म्हणाल्या.

त्यांनी दार लावून घेतलं आणि सल्लागार सरांची त्या सत्राची सगळी सल्लापत्रं काढली. एकूण बेचाळीस. प्रत्येकावर तारीख होती. वेळ मात्र एकाच कागदावर होती, या मुलीच्या. मग त्यांनी कॉम्प्युटरवर तिचं पान उघडलं. त्याच दिवशी नोंदणीचं कुलूप निघालं होतं. घेतलेले विषय चार, चौथा 'रंग आणि लेपन'. तो वाचून त्या थबकल्या. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते. ते पान याआधी कोणी, कधी उघडलं याची. सहसा कोणी ती वाचत नाही. फाईलबाईंनी दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि अधिकाऱ्याला फोन लावला.

चार वाजता ऑफिसात चौघं होते. अधिकारी दाराशी, सल्लागार सर खुर्चीत, मुलीचे वडील भिंतीला टेकून. फाईलबाई उभ्याच राहिल्या.

"हे सल्लापत्र तीन महिन्यांपूर्वीचं नाही," त्यांनी सुरुवात केली. "कालचं आहे."

"काहीतरीच काय!" सर म्हणाले. "तिची सही आहे त्यावर."

"आहे. कारण तुम्ही मुलांकडून कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन ठेवता. रांग लवकर संपते म्हणून. मला ते ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले. साहेब, माझ्या जबानीत हे आधी लिहा."

अधिकाऱ्याने वही काढली. "पुढे?"

"सत्राच्या सुरुवातीला सरांनी तिला वर्कशॉप-तीन बाकी असल्याचं खरंच सांगितलं असतं, तर तिने तोच विषय घेतला असता ना? सात जागा रिकाम्या होत्या. पण तिने घेतला 'रंग आणि लेपन'. तो जुन्या नियमांत मोजतात. नव्यांत त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि त्यासाठी कुलूप काढलं सरांनीच. म्हणजे त्या दिवशी तिला सल्ला मिळाला तो जुन्या नियमांचा. तिने मधे वर्षभर खंड घेतलाय, हे सर विसरले होते. शुक्रवारी यादी हातात पडली तेव्हा कळलं."

"अंदाज आहेत सगळे," सर म्हणाले.

"मग वेळेचं बोलू. सल्लापत्रावर कोणी वेळ लिहीत नाही. इथं आहे, दुपारी ३.४०. कॉम्प्युटरवर कुलूप काढल्याची वेळ पाहिली, तीही ३.४०. तीन महिन्यांनी तारीख कोणाला आठवते? ती चुकू नये म्हणून सरांनी तिचं पान उघडलं आणि तारखेबरोबर वेळही उतरवून घेतली. फार काळजी घेतली, तीच अंगाशी आली."

"कधी उघडलं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"काल. रविवारी सकाळी अकरा वाजून चौदा मिनिटांनी. याच टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून, सरांच्या पासवर्डने. आणि सर तर म्हणाले, ऑफिसात पाय टाकला नाही."

अधिकाऱ्याने वहीत वेळ लिहून घेतली.

"मशीन थांबलं अकराला," फाईलबाई म्हणाल्या. "सरांनीच तिला बोलावलं होतं. खिळ्यावरची चावीही त्यांनीच दिली. दोन दिवसांत तास भर, मी मागच्या तारखा टाकतो, कोणाला सांगू नकोस, असंच म्हणाले असणार. मेस्त्री असते तर त्यांनी आधी बाही दुमडायला लावली असती. म्हणून त्यांना कळवलंच नाही. आणि काल तिला सोडवल्यावर हे दवाखान्याला फोन करायच्या आधी इथं आले, या फाईलपाशी. जुना कागद काढून हा लावला. मग तिच्याजवळची चावी घेतली आणि खापर मेस्त्रींवर फुटू दिलं."

सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"दहा मिनिटांत परत येतो, मग फोन करतो, असं वाटलं होतं," ते म्हणाले. "आधी कागद नीट करावा म्हटलं. ती शुद्धीवर होती. इतकं काही... असं वाटलं नव्हतं मला. जुना कागद सापडेना, वेळ गेला. परत गेलो तर..."

"ती काही बोलली?" वडिलांनी विचारलं. दिवसभरात पहिल्यांदाच ते सरांशी बोलत होते.

सरांनी तोंडावरचे हात खाली घेतले.

"विचारत होती, सर, आजचे तास धराल ना?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो."

अधिकाऱ्याने सरांना उठवलं आणि बाहेर नेलं. जाताजाता त्याने चौकीला फोन करून मेस्त्रींना सोडायला सांगितलं. फाईलबाई आणि वडील, दोघंच मागे राहिले.

"बाई," वडील म्हणाले, "ते तास भरले नसते, तर पदवी गेली असती का तिची?"

फाईलबाईंना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी ते मनात आणूनही पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "सल्लागाराच्या चुकीने विषय राहिला, तर तो माफ होतो. नियमच आहे तसा. सल्लागाराने फक्त अर्ज द्यायचा, की चूक माझी. अर्ध्या पानाचा."

"तिला ठाऊक होतं हे?"

"मुलांना कुठून ठाऊक असणार?"

"मग कोणाला ठाऊक होतं?"

"सरांना," फाईलबाई म्हणाल्या. "आणि मला. शुक्रवारी यादी आधी माझ्याच हातात आली. तेव्हा तुमची मुलगी समोरून चालली होती, हसली माझ्याकडे बघून. मी हाक मारून एवढं एक वाक्य सांगितलं असतं, तरी पुरलं असतं. पण यादी सल्लागारालाच द्यायची, मुलांना काही सांगायचं नाही, अशी इथली पद्धत आहे. मी सरांना देऊन घरी गेले."

वडील त्यांच्याकडे पाहत उभे राहिले, आणि फाईलबाईंनी मान खाली घातली नाही.