टोकाच्या घराची जमीन

स्वस्त घर म्हणजे खुराडं, असं म्हणणाऱ्याला मी आमची ओळ दाखवायला नेतो. अकोल्यात रुळांपलीकडे, कापसाच्या जिनातल्या मजुरांसाठी आमच्या मंडळानं बांधलेली घरं. मंडळाचा चिटणीस मी, चिंतामण मास्तर. प्रत्येक घराला वेगळी चूल, मागे मोरी, वाऱ्याला खिडकी. जिनातून सुटल्यावर मजुरांनी स्वतः माती तुडवली, विटा वाहिल्या. मला त्या ओळीचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण टोकाच्या घराचं सांगायचं तर आवाज जरा खाली आणावा लागतो. दिवा इकडे सरकवा.

मानमोडीच्या तापाच्या साथीनंतरची गोष्ट. टोकाचं घर पार्बताबाईला द्यायचं ठरलं होतं. साऱ्या ओळीच्या जमिनी तिनं सारवल्या, त्याही डाव्या हातानं. बायका हसायच्या, पण तसा गुळगुळीत हात दुसरीचा नव्हता. स्वतःचं घर तिनं शेवटी ठेवलं आणि ते सारवायच्या आत साथीनं तिला नेलं. मंडळानं घर मुकादम महादेवरावांच्या नावे केलं. पार्बताबाईची विधवा लेक जमुना तान्हं पोर घेऊन जिनामागच्या टिनाच्या छपराखाली राहत होती. तिच्यासाठी मी बैठकीत भांडलो आणि हरलो.

गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, महादेवरावांना घर दाखवायला निघालो. मागून जमुना आली, पोर कडेवर.

"मास्तर, एकडाव मायचं घर पाहू द्या. मंग जातो मी."

कुलूप मीच लावलेलं, किल्ली माझ्या जानव्याला. दार उघडलं आणि शेणाचा ओला वास अंगावर आला. कंदील वर केला. जमीन सारवलेली होती, अगदी ताजी.

"कोनं सारवलं?" महादेवराव पुटपुटले. "खिडकी तं आतून बंद हाय..."

जमुना खाली वाकली. "डावा हात हाय..."

बोटांच्या कमानी खरंच उलट्या वळलेल्या होत्या. मग मला दुसरंच दिसलं. सारवणारी बाई आतल्या कोपऱ्यातून सुरुवात करते आणि मागं सरकत दाराशी येते. नाहीतर बाहेर पडणार कशी? इथं पहिली कमान उंबऱ्याशी होती. पुढची तिच्यावर चढलेली, तिच्यावर पुढची, अशा त्या थेट समोरच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या होत्या. पाऊल कुठंच उमटलेलं नव्हतं. म्हणजे सारवणारी अजून आतच होती...

कंदिलाचा उजेड त्या कोपऱ्यापर्यंत पोचत नव्हता. तिथं कुणीतरी श्वास घेत होतं, किंवा मला माझाच ऐकू येत होता.

"मले नोको हे घर," महादेवराव म्हणाले आणि मागं न पाहता रुळांकडे निघून गेले.

"चल पोरी," मी कसाबसा म्हणालो.

"काहून? मायनं सारवलं, अन् मी भेऊ?" जमुना पोराला घेऊन उंबऱ्यावर बसली. "वाळू द्या आंधी. वल्ल्यावर पाय देला तं तिले खपत नाई."

दुसऱ्या दिवशी सगळ्या मंडळादेखत मी किल्ली जमुनाच्या हातावर ठेवली. या वेळी कुणी आडवं आलं नाही. माझी छाती तेव्हा जी फुगली, ती अजून उतरलेली नाही.

जमुना आजही तिथंच राहते. ओळीत बाकी सगळ्यांनी फरशी घातली, तिनं मातीच ठेवली. ती सारवते तेव्हा तो कोपरा सोडून देते. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तेवढं मायचं."

गेल्या आठवड्यात ती लेकीकडे, तेव्हाच्या त्या तान्ह्या पोरीकडे, मोर्शीला गेली. घर बघायला किल्ली माझ्याकडे होती. काल सकाळी दार उघडलं. जमीन कोरडी, भेगा पडलेली. कोपरा तेवढा ओला होता, आणि या वेळी सारवण तिथून सुरू होऊन, एकावर एक कमान टाकत, दाराच्या दिशेनं हातभर पुढं आलं होतं.