जोडप्यांचा रकाना

दारावर खडूनं लिहिलं होतं – ‘नाइट करून झोपलोय. बेल वाजवू नका.’

करुणानं ते वाचलं आणि बेल वाजवली. दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं हे घर तिच्या यादीत एकशे सोळावं. दोनदा दार उघडलंच नव्हतं. जनगणनेत बंद घर सोडून देता येत नाही, पुन्हा यावं लागतं. चौथीच्या वर्गाला शिकवणारी करुणा मेच्या उन्हात तिसऱ्यांदा आली होती.

दार उघडलं. विस्कटलेले केस, गालावर उशीच्या घडीची रेघ.

“दारावरचं वाचता येत न्हाई का?”

“येतं. शाळेत तेच शिकवते.”

तो क्षणभर बघत राहिला... मग हसला. “बसा मॅडम. पाणी आणतो.”

त्याचं नाव रोहन, गाव इनामगाव. रेल्वेत सहायक लोको पायलट. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. मांडवगणला तिच्या घरीही अगदी तसाच होता. करुणानं मोबाइल उघडला. तेहतीस प्रश्न होते.

“मुख्य धान्य?”

“ज्वारी लिहा. भाकरी थापता येत न्हाई, ही गोष्ट वेगळी. चपाती करतो. करपते.”

“करपण्याचा रकाना नाही.”

“बरं हाय. सरकारला तरी कळायचं न्हाई.”

ती हसली. सकाळपासून अकरा घरं झाली होती, ती कुठंच हसली नव्हती.

“घरात माणसं किती?”

“एक. मीच.”

“विवाहित जोडपी?”

“शून्य.” मग हळूच – “अजून.”

आणि आत कुकरची शिट्टी झाली.

करुणाचं बोट स्क्रीनवर थांबलं. “कुकर स्वतःच लागतो वाटतं?”

“ते... मीच लावला. झोपायच्या आधी.”

आत बांगड्या किणकिणल्या. मागच्या दाराबाहेर दोरीवर हिरवी साडी वाळत होती. करुणानं साडीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. त्यानं मान खाली घातली.

“उद्या येते,” ती उठत म्हणाली. “माणसं नीट आठवून ठेवा.”

मांडवगणच्या एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय गेलं ते तिला सांगता आलं नसतं. लोक खोटं सांगतात, हे तिला नवं नव्हतं. कुणी गाडी लपवतं, कुणी टीव्ही. पण घरात बायको असताना शून्य? आणि ते ‘अजून’... ते कशाला? तिला आकड्याचा राग आला होता की त्या एका शब्दाचा? आणि राग होता, तर ते हसू पुन्हा पुन्हा का आठवत होतं? तिला काहीच धड कळेना. घरयादी रविवारच्या आत पूर्ण करायची होती. जोडप्यांच्या रकान्यात शून्य लिहिलं तर खोटं, एक लिहिलं तर... एक लिहायची तिची इच्छाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दारावरचं जुनं पुसलेलं होतं. नवं लिहिलं होतं – ‘झोपलेलो नाही. बेल वाजवा.’

बेलवर बोट जायच्या आत रोहननं दार उघडलं. डोळे लाल होते.

“रात्रभर ड्यूटी केली, आल्यापासून हितंच बसलोय,” तो म्हणाला. “खरं सांगतो. मल्हार माझा मित्र, रुळांवर काम करतो. त्याला अजून क्वार्टर मिळालं न्हाई. वहिनींना सातवा महिना. भाड्यानं खोली मिळाली ती तिसऱ्या मजल्यावर, त्यांना चढवंना. म्हणून दोघांना हितं आणलं. पण क्वार्टरमध्ये दुसऱ्याला ठेवायला बंदी हाय. कुणी यादी घेऊन आलं की आम्हाला ऑफिसचंच वाटतं.”

आतून पोट सावरत एक तरुणी आली. “माझ्यापायी खोटं बोलले वो रोहनभाऊ. त्यांना काही करू नका.”

भाऊ. करुणाला एकदम हलकं वाटलं, आणि मग त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटली.

“बसा ताई, उभ्या राहू नका,” ती म्हणाली. “ही माहिती कुठल्या ऑफिसला जात नाही, कायदाच आहे तसा. पण मोजायचं खरंच. नाहीतर तुम्ही दोघं कागदावर कुठंच राहत नाही.”

“लिहा मग,” रोहन म्हणाला. “माणसं तीन. जोडपं एक. मी उरलेला.”

“उरलेल्याचा रकाना नाही.”

“मग काय करायचं त्यानं?”

करुणानं माहिती पाठवली, मोबाइल पर्समध्ये ठेवला.

“फेब्रुवारीच्या दुसऱ्या फेरीत माणसं मोजायला तुम्हीच येणार ना?” तो दारापर्यंत आला. “का... तोवर वाटच बघायची?”

“मला भाकरी येते,” ती म्हणाली. अंगणात पाहत, कुणाला तरी दुसऱ्यालाच सांगावं तसं. “पण मी करून देत नाही. शिकवते.”

“विद्यार्थी करपवणारा असला तरी?”

तिनं चौकटीवरचा खडू उचलला. बेलच्या खाली, चौथीच्या फळ्यावर लिहावं तशा ठसठशीत अक्षरात लिहिलं, आणि मागं न बघता एकशे सतराव्या घराकडं निघाली.

‘रविवारी दहा वाजता. ज्वारीचं पीठ आणून ठेवणे.’