ऊबपट्ट्याचा आग्रह

"अजून ऊब हवी?" कमरेला बांधलेल्या पट्ट्यानं विचारलं.

"नको, पुरे," कुमुदिनी साळवी म्हणाली, आणि पट्टा निमूटपणे कोमट झाला.

बाजूला उभी असलेली फिजिओथेरपिस्ट ऋजुता बेंद्रे वैतागली. परदेशात तयार झालेला हा ऊबपट्टा तिनं मोठ्या हौसेनं मिरजेच्या उपचारकेंद्रात आणला होता. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. ती वर्षानुवर्षं मुठीसारखी आवळलेली राहिली, की बाईला धड बसवत नाही. पट्ट्यातले धागे हा ताण वाचत आणि नेमक्या जागी खोलवर ऊब पोचवत. किती द्यायची, ते मात्र पट्टा तो बांधणाऱ्या बाईलाच विचारून ठरवी. तिकडच्या बायकांना गुण आला होता, इथं कुणालाच येत नव्हता.

कुमुदिनी खानावळ चालवायची. तिचे सगळे रिपोर्ट स्वच्छ यायचे, आणि डॉक्टर सांगायचे, मनाला लावून घेऊ नका. तिचं मागणं तरी केवढं? दिवसभर गावाला वाढून झालं की आपलं ताट घेऊन बसून जेवायचं. कित्येक वर्षं ती ओट्याशी उभ्यानंच जेवत होती.

"ताण तर ढळढळीत दिसतोय," ऋजुता पट्ट्याला जोडलेल्या पडद्यावरच्या आवळलेल्या मुठीकडे बोट दाखवत म्हणाली. "मग नको का म्हणता?"

"अहो मॅडम, एकदा विचारल्यावर कुणी हो म्हणतं का?" कुमुदिनी हसली. "माझ्याकडं पाहुणा पुरे म्हणाला की मी अजून एक पोळी टाकते. तुमच्या यंत्राला आग्रहच करता येत नाही!"

ऋजुतानं कपाळावर हात मारला. आपण इथल्याच असून हे आपल्याला सुचू नये? तिनं पट्टा बनवणाऱ्यांच्या मागे लागून बदल करून घेतला. पहिले दोन नकार मनावर घ्यायचे नाहीत, आग्रह करून थोडी थोडी ऊब वाढवायची. भाजेल इतकी ती वाढूच शकत नव्हती.

"घ्या हो थोडी," पट्टा म्हणू लागला. बायका खुदकन हसत आणि घेत. महिन्याभरात कुमुदिनी अर्धं जेवण बसून जेवली, त्या दिवशी ऋजुताला आभाळ ठेंगणं झालं.

मग एका दुपारी कुमुदिनी आली ती दमून; आज तिला खरंच ऊब नको होती.

"नको," ती पट्ट्याला म्हणाली.

"घ्या हो थोडी," म्हणत पट्ट्यानं ऊब वाढवली.

"नको म्हटलं ना!"

"असं काय करता? घ्या की," पट्टा लाडानं म्हणाला आणि आणखी तापला. पडद्यावरची मूठ पहिल्या दिवसापेक्षाही घट्ट आवळली. ऋजुतानं धावत जाऊन पट्टा सोडला.

"भाजलं का?"

"नाही." तिनं पदरानं डोळे पुसले. "आमचे हे होते तोवर रात्री मी नको म्हटलं की असंच व्हायचं. नको म्हणजे लाजते, असं समजायचे."

ऋजुताला स्वतःची लाज वाटली. यंत्राला बाईचा नकार खरा मानू नकोस, हे तिनंच तर शिकवलं होतं. तिनं तिथल्या तिथं तो आग्रह बंद करून टाकला. पण आता पुन्हा सगळ्या जणी पहिल्या 'पुरे'वर अडतील, तेव्हा काय करायचं?

"एकदाच विचारू दे त्याला," कुमुदिनी म्हणाली. "शिकायचंच तर मी शिकेन." तिनं पट्टा आपल्या हातानं बांधला.

"अजून ऊब हवी?"

सवयीनं ओठांवर आलेला शब्द तिनं गिळला. पट्टा उत्तराची वाट बघत थांबला.

"हवी," ती म्हणाली.

पडद्यावरची मूठ हळूहळू सैल होऊ लागली. कुमुदिनीनं ऋजुताकडे पाहिलं आणि चाचरत विचारलं, "मॅडम, मी जास्त तर नाही ना मागितलं?"