माळेवर वाळलेली आरोळी

सुज्ञ वाचकहो, व्हॉस येथील आमच्या शेतघरात बिअर आंबवताना जे घडले, ते मी येथे यथाक्रम व अतिशयोक्ती टाळून निवेदन करणार आहे. कारण मात्र विचारू नये. ते मजजवळ नाही.

माझी पत्नी गुनवोर अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती. तिची एकच इच्छा उरली होती, घरच्या बिअरचा एक घोट. शेवटची बिअर तिनेच केली होती. त्या पिंपातील यीस्टचा गाळ लाकडी मण्यांच्या माळेवर वाळवून आढ्याला टांगला होता. त्यास वर्षे लोटली होती.

शेजारी स्टाइनार माळ हुंगून म्हणाला, "हे मेलंय रे. माझ्याकडचं ने, फुकट देतो."

आतल्या खोलीतून गुनवोर म्हणाली, "तुझ्या बिअरनं नुसतं डोकं दुखतं, स्टाइनार. आपलंच जागव, ब्रिन्यूल्फ. आणि ओरडायला लाजू नकोस."

पिंपात यीस्ट घालताना आत तोंड घालून जिवाच्या आकांताने आरोळी ठोकावी, त्याविना बिअर चढत नाही, असा आमच्याकडील रिवाज. मला तो लाजिरवाणा वाटे. गुनवोरची आरोळी तळ्याच्या पलीकडे ऐकू जात असे.

जवाच्या कोमट काढ्यात एक मणी सोडून मी बरणी चुलीजवळ ठेवली. काढा निपचित राहिला. स्टाइनार रोज डोकावून हसे. अखेर एका सकाळी कडेला फेसाची रेघ दिसली. झाकण सैल करताच आतून अतिक्षीण ध्वनी निघाला. किटलीची शीळ असावी, असे मी मानले. किटली चुलीवर नव्हती.

त्याच दिवशी गुनवोरचा घसा बसला.

मोठ्या बरणीत ताजा काढा घालून मी ते विरजण वाढवले. घरभर संत्र्याच्या सालीसारखा वास पसरला. झाकण उघडले, तेव्हा आरोळी स्पष्ट आली. तरुण, खणखणीत. ती ओळखण्यात माझी चूक होणे शक्य नव्हते.

बरणी घेऊनच मी आत धावलो. गुनवोरचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

ते सारे बाहेर ओतून देण्यासाठी मी वळलो. तिने माझी बाही धरली, नकारार्थी मान हलवली आणि दारातून दिसणाऱ्या पिंपाकडे बोट दाखवले.

मी यीस्ट पिंपातल्या कोमट काढ्यात ओतले. ती माझ्याकडे पाहत राहिली. आयुष्यात प्रथमच मी ओरडलो.

बिअर उत्तम उतरली. पहिला पेला मी तिच्या ओठांना लावला. घोट हनुवटीवरून उशीवर ओघळला.

उरलेली बिअर तिच्या दफनाच्या दिवशी गावाने प्यायली.

"चढते रे," स्टाइनार हलकेच म्हणाला. "त्या दिवशी केवढा ओरडलास. मला वाटलं, डुक्कर कापतोयस."

गाळ मी नव्या माळेवर वाळवला होता. स्टाइनारने त्यातला एक मणी मागितला. मी दिला.

आज सकाळपासून त्याच्या घरातून संत्र्याच्या सालीचा वास येत आहे. त्याला थांबवण्यासाठी मी कुंपणाशी गेलो आणि हाक मारण्यास तोंड उघडले.

माझा आवाज त्याच्या घरातून आला.

म्हणून लेखणी हाती घेतली. आपण वाचलेत, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.

ब्रिन्यूल्फ