पाठीमागे कुणी

थोरली मागच्या खोलीत पडद्यांचं कापड बेतायला बसली होती. दोघी बहिणींचं शिवणाचं दुकान पुढे, आणि मागे ही लांबट, भर दुपारीही अर्धवट उजेडाची, कोऱ्या कापडाच्या वासाने कोंदलेली खोली. कापड जमिनीवर पसरून ती ओणवी झाली, आणि पाठीमागे कुणीतरी येऊन उभं राहिलं.

छाती धडधडू लागली. मग डोकं फुटेल असा ठणका, अंगभर गार घाम. मागे वळायचंही तिला धैर्य होईना.

"ताई, अगं पांढरीफटक पडलीस!" धाकटी धावत आली.

"मागे बघ... कोण आहे?"

"कुणी नाही गं..."

असं वारंवार होऊ लागलं. कुणी वयावर ढकललं, कुणी म्हणालं मनाचे खेळ. डॉक्टरकडे जावं, तर तोवर सगळं ठाकठीक. शेवटी एका नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नेमकं कधी होतं हे?"

"वाकले की."

"मग इथेच वाका बरं."

दंडाला पट्टा बांधून थोरली वाकली. रक्तदाबाचा आकडा सरसर चढला.

"आलं... मागे उभं आहे..."

बाईंनी तिला झटकन सरळ केलं. पण क्षणभर त्यांचीही नजर तिच्या पाठीमागे गेलीच.

लघवी तपासली, स्कॅन झाला. मूत्रपिंडाच्या माथ्यावरच्या ग्रंथीत गाठ निघाली.

"फार क्वचित दिसते ही," बाई म्हणाल्या. "माणूस घाबरला की जो रस रक्तात उतरतो, तोच ही गाठ उगाच ओतत बसते. भूतबीत काही नाही. पण घाईने कापली तर जिवावर बेतेल. आधी गोळ्यांनी दाब काबूत आणू."

काही आठवडे गोळ्या झाल्या, मग ऑपरेशन. धाकटी बाहेर नखं कुरतडत बसली. आत गाठीला हात लागताच दाब उसळला, ती सुटताच कोसळला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी दोन्ही वेळा सावरला.

"आता घाबरायचं म्हटलंस तरी जमायचं नाही तुला," घरी आल्यावर धाकटी हसली.

जखम भरली तशी थोरली पुन्हा मागच्या खोलीत ओणवी झाली. धडधड नाही, घाम नाही. तिचे डोळेच भरून आले. पुढे दुकानात धाकटी गिऱ्हाइकाशी बोलत होती.

थोरलीने कात्री लावली. कापडाला मध्येच चुणी पडलेली. ती मोडायला हात पुढे करणार, तोच पलीकडचं टोक कुणीतरी अलगद ओढलं... आणि ताणून धरलं.

थोरलीची छाती तशीच संथ चालली होती.