उंबराखालचं पाणी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी मी हा विषय काढत नाही. त्या दुपारचं मला अजूनही नीट उमगलेलं नाही.

तेव्हा आम्ही तळेगावात राहायचो. मी, माझी बायको स्नेहल आणि पाच वर्षांची ओवी. सोसायटीच्या मागे दगडाची जुनी खाण होती. काम बंद पडल्यावर तिच्यात पाणी साठून तळं झालं होतं आणि त्यात कुणीतरी गवत्या मासे सोडले होते. गवत्या म्हणजे गवत, पाला, पडलेली फळं खाणारा दांडगा मासा. काठावर एक उंबर होता. त्याची फळं टपटप पाण्यात पडली की हे मासे वर यायचे.

शेजारचे माधवराव रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटेच राहायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मासे धरायचा नाद त्यांनीच मला लावला. गांडूळ नाही, कणीक नाही. गळाला तांबडी लोकर गुंडाळून उंबराचं खोटं फळ करायचं, काठीची हलकी दोरी हवेत मागेपुढे झुलवायची आणि ते फळ अलगद पाण्यावर टेकवायचं. मासा लागला की डोळे भरून बघायचा आणि परत सोडायचा.

श्रावणातला रविवार होता. जेवणं उरकून आम्ही दोघं तळ्यावर गेलो. काका वळसा घालून पलीकडच्या काठाला गेले, मी उंबराखाली थांबलो. थोड्या वेळात धुकं उतरलं. आधी पलीकडचा काठ गेला, मग पाणी. ओल्या दगडाचा आणि कुजक्या फळांचा वास तेवढा राहिला.

मी अंदाजानंच दोरी टाकली. ती लगेच ताणली. जड काहीतरी लागलं होतं, पण मासा पळतो तसं पळत नव्हतं. नुसतं धरून होतं.

"श्रीयश..."

आवाज काकांचा होता. समोरून, पण अगदी खालून आल्यासारखा.

"काका, मोठा लागलाय."

"मासा नाही रे... मी धरलीय दोरी. पाय घसरला माझा... सोडू नकोस. थोडा पुढे ये."

मी दोरी तशीच घट्ट धरून पाण्यात उतरलो. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. पायाखालचा दगड संपतोय हे कळत होतं, तरी मी पुढे सरकत होतो. आवाज जवळ येत नव्हता आणि लांबही जात नव्हता.

इतक्यात कुणीतरी मागून माझा शर्ट धरून मला खेचलं. शेजारच्या इंदुरी गावच्या झुंबरबाई होत्या. शेरडं चारायला त्या तिकडे यायच्या.

"कुटं चाललाय? पुढं लय खोल हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी मला ओढतच काठावर आणलं.

आणि त्यांच्या शेजारी काका उभे होते. कोरडे. खांद्यावर काठी.

"कुणाशी बोलतोयस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही... तुम्ही पाण्यात होतात."

"मी? तूच हाक मारलीस ना, इकडे या म्हणून? म्हणून तर आलो."

मी हाक मारली नव्हती. हातातली दोरी अजून ताणलेलीच होती.

"श्रीयश..." पाण्यातून आवाज आला, आता दमलेला. "दोरी कापू नकोस रे..."

"काप," काका माझ्या कानाशी म्हणाले.

मी झुंबरबाईंकडे पाहिलं. त्या पाण्याकडे टक लावून बघत होत्या. खिशातला चाकू मी कधी काढला, आठवत नाही. दोरी तुटली आणि सावकाश पाण्यात ओढली गेली. नंतर काहीच नाही. उंबराचं एक फळ पडल्याचा आवाज आला, बस्स.

झुंबरबाई शेरडं तशीच टाकून वाडीकडे पळत सुटल्या. काका मला घरी घेऊन आले. पुढचे काही दिवस ते नेहमीसारखेच होते. चहाला यायचे, ओवीशी खेळायचे. खाणीत आवाज घुमतो, असं मी स्वतःला समजावलं.

मग एका सकाळी इंदुरीच्या पुलाजवळ झुंबरबाई भेटल्या. मला बघून त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"त्ये म्हातारं भाऊ घावलं का वो?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोण?"

"पान्यातनं हाका मारीत व्हते त्ये. मी वाडीवरनं मानसं आनली, तवर तुमी गेलता. पान्यात कुनीबी दिसंना."

"अहो मावशी, काका तर बाहेरच होते. तुमच्या शेजारीच उभे होते की."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरू शकत नाही.

"माज्या शेजारी कुनी न्हवतं," त्या म्हणाल्या. "तुमी एकलंच बोलत व्हता. अन् तुमीच दोरी कापली."

मी तिथूनच स्नेहलला फोन लावला. काका कुठे आहेत, विचारलं.

"आत्ताच ओवीला घेऊन तळ्यावर गेले," ती म्हणाली. "मासे दाखवतो म्हणाले. का रे?"

गाडी कशी चालवली, देवाला ठाऊक. ओवी उंबराखाली एकटीच बसली होती. फ्रॉक कोरडा होता. फळं वेचून तिनं ओंजळीत घेतली होती. काका कुठेच नव्हते. नंतर पोलीस आले, पाणबुडे आले, दोन दिवस तळ ढवळला. काही सापडलं नाही. काका त्या सकाळी नाहीसे झाले, की दोरी कापली त्या दुपारीच गेले होते, मला सांगता येणार नाही.

त्याच महिन्यात आम्ही लोणावळ्याला राहायला आलो. ओवीला मी खूपदा विचारलं, काका कुठे गेले. ती दर वेळी तेच सांगते, अगदी सहज.

"तूच तर पाण्यातून हाक मारलीस ना, बाबा. काका लगेच पाण्यात गेले. मलापण ये म्हणालास. मी म्हटलं, आईला विचारून येते."